थांबलेल्या गाडीचं वजन

उतारावर नाक खाली करून मोटारसायकल लावायची नसते, हे ज्ञान गाडी विकत घेतल्यावर होतं, आधी नाही. परवा भर दुपारी एक गृहस्थ ते मिळवत होते. समोर भिंत, मागे चढ आणि मधे त्यांची ती अवाढव्य टूरिंग मोटारसायकल, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या लावलेली. हेल्मेट घालून झालं होतं, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून झाली होती. आधी बसल्या बसल्या पायांनी रेटून बघितलं, चवडे घसरले. मग खाली उतरले, सीटला कंबर लावली आणि हँडल धरून ढकललं. गाडी बोटभर मागे आली आणि बोटभर पुढे गेली.

अशा वेळी माणसाला मदतीपेक्षा एकांत हवा असतो, म्हणून मी जरा वेळ दुसरीकडे बघितल्यासारखं केलं. शेवटी राहवलं नाही. पुढचा ब्रेक आवळून गाडी पुढे दाबायची, शॉकॲब्सॉर्बर उसळले की ब्रेक सोडून त्याच उसळीवर मागे खेचायची, असं दोघांनी तीन-चारदा केलं आणि गाडी निघाली. त्यांनी मान हलवली, स्टार्टर दाबला, आणि ते धूड इतक्या अलगद वळून निघून गेलं, की आत्ता आपण कशाशी झटत होतो असा प्रश्न पडावा.

एवढं बारकाईनं बघण्याचं कारण असं, की अशीच एक घ्यावी की न घ्यावी या विचारात मी हल्ली असतो. हल्ली म्हणजे बरीच वर्षं.

न घेणाऱ्याला गाडीची जितकी माहिती असते तितकी घेणाऱ्याला नसते. होंडाची गोल्डविंग १९७५ च्या मॉडेलला ९९९ सीसीची होती आणि आता १८३३ सीसीची आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. ट्रायम्फच्या रॉकेट ३ चं इंजिन २४५८ सीसीचं. बऱ्याच मोटारींचं त्याहून लहान असतं. पण मला सगळ्यात आवडते ती १९८८ ची गोल्डविंग. सहा सिलिंडर, आणि चक्क रिव्हर्स. मागे जाताना तिचं इंजिन काही करत नाही. गाडी सुरू करणारी स्टार्टर मोटरच चाक उलटं फिरवते. म्हणजे एवढं बलाढ्य इंजिन बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की खरी पंचाईत गाडी पळवताना होत नाही, लावताना होते. बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसचंही तेच. सीटची उंची ८५० मिलिमीटर, गाडी २३७ किलोची. म्हणून थांबताना आपोआप खाली बसण्याची सोयही तिला घेता येते. चालत्या गाडीला वजन नसतं. ते सिग्नलला येतं, खडीवर येतं, आणि पाय टेकायला जावं तिथे नेमका खड्डा असला की एकदम सगळं येतं.

बरं, ताकद तरी किती लागते? ताशी शंभरच्या वेगात वारा कापायला पंधरा-वीस हॉर्सपॉवर पुरतात. जीएसला १४५ आहेत. उरलेले सव्वाशे घोडे कशासाठी पोसायचे? इथे गाडीवेड्यांची उत्तरं तयार असतात आणि ती खोटी नाहीत. वाऱ्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, तेव्हा शंभराचे सव्वाशे करायचे तर जवळजवळ दुप्पट लागते. मागे माणूस, तीन पेट्या सामान आणि समोर चढावर कण्हणारा ट्रक असेल तर नुसतं मनगट वळवून पुढे जाता येणं ही चैन नव्हे. शिवाय मोठं इंजिन टॉप गिअरला संथ फिरतं, हातांना मुंग्या येत नाहीत, छातीवरचा वारा समोरची काच घेते. दिवसभर चालवून उतरलेला माणूस माणसासारखा बोलतो. हे सगळं मला पटतं. मग १९७३ साली टेड सायमन नावाचा माणूस ५०० सीसीची ट्रायम्फ घेऊन निघाला आणि चार वर्षांत लाखभर किलोमीटर फिरून परत आला, हे आठवतं, आणि पटलेलं पुन्हा विस्कटतं.

माझी एक खोड आहे. मोठी गाडी उभी दिसली की मी आधी टायर बघतो. पेट्यांवर देशोदेशीचे स्टिकर आणि टायरच्या कडेला नव्या रबराचे केस अजून जसेच्या तसे, असं पुष्कळदा दिसतं. त्या दिवशी गाडी खेचता खेचता मी त्या गृहस्थांचाही मागचा टायर बघून घेतला. मधोमध चपटा झालेला. सामान लादून सरळ रस्ते दिवसचे दिवस तुडवल्याशिवाय टायर असा होत नाही. माणूस खरंच जातो! मला त्यांचा थोडा रागच आला.

लहानपणी मी काकांच्या गाडीच्या टाकीवर बसायचो. टाकीच्या झाकणाचं वर्तुळ मांडीवर उमटायचं आणि घरी आल्यावरही बराच वेळ दिसायचं. हँडलच्या मधल्या दांड्याला धरायचं, क्लचच्या केबलला हात लावायचा नाही, असा नियम होता. डोळ्यांतून पाणी यायचं, तोंडात चिलट जायचं. काटा चाळीस आणि पन्नासच्या मधे थरथरत असायचा. त्यानंतर विमानात बसलो, पण इतका वेग पुन्हा मिळाला नाही. ती गाडी किती सीसीची होती, मला आजही ठाऊक नाही. विचारावंसं कधी वाटलंच नाही.

काकू मागे एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायची. जगातले सगळे रस्ते माझ्या समोर उलगडत आणि तिच्या समोर काकांचा शर्ट. पुढे कधीतरी कुणीतरी कौतुकानं तिला विचारलं, किती फिरलात हो तुम्ही! तेव्हा ती म्हणाली होती, "मला विचाराल तर ह्यांची पाठ मला तोंडपाठ आहे."

हा किस्सा मी बायकोला सांगितला, ही एक गोष्ट टाळता आली असती. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मागच्या माणसाला काय दिसतं या गाडीवरून?" मला संधी मिळाली. म्हटलं, टूरिंगच्या गाडीला मागची सीट पुढच्यापेक्षा उंच असते, माझ्या खांद्यावरून सरळ रस्ता दिसेल तुला, पाठीमागे टेकायला पेटी, पाय ठेवायला ऐसपैस जागा.

"एवढ्या उंच सीटवर, दोन्हीकडे पेट्या असताना, मी चढायचं कसं?"

"डाव्या पायावर उभं राहायचं, उजवा पाय पलीकडे टाकायचा. घोड्यावर बसतात तसं."

"आणि मी चढत असताना गाडी कोण धरणार?"

"मी."

तिने माझ्या चपलांकडे बघितलं. म्हणजे चपलांकडे नव्हे, उंचीकडे. मग म्हणाली, रविवारी शोरूमला जाणार असशील तर मीही येते.