तुम्ही विचारलंत म्हणून : पैसा तालमीला की मंचाला?

“सर, तुमच्या समितीने त्यांच्या कार्यक्रमाला पैसे दिले आणि आमच्या कार्यक्रमाला दिले नाहीत, ते कशाच्या आधारावर?” हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितके प्रश्न माझ्या राज्यशास्त्राच्या वर्गातही कोणी विचारले नसतील. विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक उपक्रमांचे प्रस्ताव तपासणाऱ्या विद्यापीठाच्या एका समितीवर मी काही वर्षे होतो. त्यांतले थोडे प्रस्ताव मंजूर आणि बरेचसे नामंजूर करण्याचे अप्रिय काम आमच्याकडे होते. निवृत्तीनंतरही प्रश्न थांबलेला नाही. जुने विद्यार्थी लग्नकार्यात किंवा एसटी स्टँडवर भेटले की तो निघतोच. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते, म्हणून ते एकदा लिहून काढतो आहे.

आधी पैसा कोणाचा, ते पाहावे लागते. प्रवेशाच्या पावतीवर सांस्कृतिक उपक्रमांसाठी म्हणून एखादी लहानशी रक्कम असते, आणि ती विद्यापीठाच्या आवारात शिकणाऱ्यांपेक्षा संलग्न महाविद्यालयांतले विद्यार्थीच अधिक संख्येने भरतात. जळगावच्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र धुळे आणि नंदुरबारपर्यंत जाते, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात चंद्रपूर जिल्हाही येतो. सातपुड्यातल्या धडगावची विद्यार्थिनी आणि सिरोंच्याचा विद्यार्थी जे पैसे भरतात, त्यांतून मुख्य आवारातल्या सभागृहात होणारी संध्याकाळ त्यांना बघायलाही मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या अशा उपक्रमांचे काम पाहणारे, महाराष्ट्राच्या 1994 च्या विद्यापीठ कायद्यातले ‘विद्यार्थी कल्याण मंडळ’ 2016 च्या कायद्याने ‘विद्यार्थी विकास मंडळ’ झाले, त्याने तिजोरी काही वाढली नाही. पण ‘विकास’ म्हटल्यावर तो नेमका कोणाचा, हे बैठकीत विचारण्याची सोय मात्र झाली.

शास्त्रीय गायन वरचे आणि डीजे खालचा, पोवाडा आपला आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद परका, अशी उतरंड लावून पैसे वाटावेत, असे समितीतल्या काहींना मनापासून वाटत असे. मला ते कधीच पटले नाही, आणि त्याचे कारण माझी उदारमतवादी वृत्ती नव्हे, तर कामाचे स्वरूप हे आहे. स्पर्धेचा परीक्षक झालेला प्रयोग पाहून निर्णय देतो. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत 2022 साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोलाची नाही, असे ठरवले आणि 1963 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत पहिल्यांदाच करंडक कोणालाही दिला गेला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण त्यांच्यापुढे निदान प्रयोग तरी होते. आमच्यापुढे असायचे दोन पानांचे टंकलिखित आणि एक अंदाजपत्रक. जे अजून घडलेले नाही त्याचा दर्जा ठरवायचा म्हटले की माणूस नकळत अर्जदाराची भाषा, त्याच्या महाविद्यालयाचे नाव आणि शिफारस करणाऱ्या प्राध्यापकाचे वजन पाहू लागतो. एवढे कळल्यावर दर्जाची चर्चा मी शक्य तितकी टाळू लागलो.

त्याच्या जागी मी जो निकष आणला तो त्याहून वाईट निघाला, हेही कबूल केले पाहिजे. अर्जाच्या नमुन्यात मी ‘अपेक्षित प्रेक्षकसंख्या’ असा रकाना घालायला लावला. पहिल्याच वर्षी एका गटाने गायक बाहेरून आणून ऑर्केस्ट्रा करायचा प्रस्ताव दिला आणि रकान्यात दोन हजार लिहिले. दुसऱ्या एका लहान गटाला आपापल्या बोलीतल्या कविता आणि ओव्या गोळा करून, त्या पाठ करून म्हणायच्या होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे चाळीस लिहिले. आम्ही दोन हजारांना पैसे दिले. त्या संध्याकाळी मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि आमचे विद्यार्थी खुर्च्या मांडत होते, पाहुण्यांना पाणी देत होते, प्रवेशद्वारावर गर्दी आवरत होते. मंचावर त्यांच्यातले कोणीच नव्हते. बोलीच्या गटातली मुले पुढच्या वर्षी अर्जच घेऊन आली नाहीत. तो रकाना मी काढून टाकायला लावला आणि तिथे ‘तालमीचे दिवस आणि तालमीचा खर्च’ असे लिहायला लावले. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्या बदललेल्या रकान्यात आहे.

तालीम हा शब्द ऐकला की लेखाविभागाच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात त्यांचाही पूर्ण दोष नाही. मंडपवाला, ध्वनियंत्रणावाला, फ्लेक्स छापणारा, सभागृहाचे भाडे घेणारा, हे सगळे शिक्क्याचे, जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल देतात. तीन दरपत्रके मागवता येतात, लेखापरीक्षक आला तर त्याच्यापुढे फाइल ठेवता येते. तालमीचा खर्च मात्र वीस दिवसांचा चहा आणि वडापाव, शेजारच्या गावाहून दुचाकीवर येणाऱ्या ढोलकीवाल्याची बिदागी, पेटीच्या दोन सुरांची दुरुस्ती, आणि शेवटची एसटी चुकलेल्या मुलींना घरी पोचवणारी रिक्षा, असा असतो. यांपैकी एकाचेही पक्के बिल मिळत नाही. परिणामी कोणाच्याही मनात तसे नसताना पैसा आपोआप मंचाकडे वाहतो. कला कोणती, हा प्रश्न त्यात येतच नाही. ज्या खर्चाची पावती नीट फाइलला लागते, तोच कार्यक्रम ‘व्यवस्थित’ ठरतो.

त्यात ‘आधी खर्च करा, मग देयके सादर करा’ ही रीत. ज्या मुलाचे वडील ऊसतोडीला गेलेले आहेत, त्याने पाच हजार रुपये कोठून उभे करायचे? युवा महोत्सव दिवाळीच्या आसपास होतात, देयके मार्चअखेरीस निघतात आणि तोवर शिक्षकाने किंवा सहलीसारखी वर्गणी काढून मुलांनीच पदरमोड केलेली असते. म्हणून मी दोन गोष्टींसाठी भांडलो: मंजूर रकमेचा काही भाग अग्रिम म्हणून महाविद्यालयाकडे आधी जावा, आणि ठरावीक मर्यादेपर्यंत साध्या व्हाउचरवर कलावंताची सही चालावी. दुसरी मागणी अर्धीमुर्धी मान्य झाली. पहिलीचे काय झाले, ते विचारू नका.

युवा महोत्सवांचा खर्च मी कधी अडवला नाही, कारण तिथे मंचावर विद्यार्थीच असतो. महाविद्यालयातून जिल्हा किंवा विभाग, तिथून विद्यापीठाचा केंद्रीय महोत्सव, मग राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’, जो 2003 पासून चालू आहे, आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या विभागीय व राष्ट्रीय फेऱ्या, अशी ती शिडी आहे. एकांकिकेला तिथे तीस मिनिटे मिळतात, प्रहसनाला दहा, मूकनाट्याला पाच. त्या पाच मिनिटांसाठी सहा मुले महिनाभर एका रिकाम्या वर्गात भिंत नसताना भिंतीला टेकायला शिकतात. माझे म्हणणे एवढेच होते की शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर ट्रॅकसूट, प्रवासभत्ता आणि छायाचित्रे यांवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग सगळ्यांत खालच्या पायरीला मिळावा, कारण पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या संघांचीच संख्या सर्वांत मोठी असते.

मोठ्या महाविद्यालयांचे आणि संस्थांचे महोत्सव मी वेगळे धरतो. मुंबईच्या आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ 1971 पासून चालू आहे. अशा महोत्सवांना प्रायोजक मिळतात, कारण तिथे बॅनर लावायला जागा आणि तो पाहायला गर्दी असते. तालमीच्या खोलीत कोणी बॅनर लावत नाही.

एक अवघड प्रश्न उरतो: एखाद्या पथनाट्यातले मत समितीला रुचले नाही तर? येथे मला एक अमेरिकी खटला मदतीला येई. विस्कॉन्सिन विद्यापीठात सक्तीच्या शुल्कातून विद्यार्थी संघटनांना पैसे दिले जात, आणि आपल्याला न पटणाऱ्या मतांसाठी आपले शुल्क वापरू नये, अशी काही विद्यार्थ्यांची तक्रार होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2000 मध्ये सांगितले की असे शुल्क घेता येईल, पण वाटप करताना मताकडे पाहता येणार नाही. त्याच निकालात, विद्यार्थ्यांच्या मतदानाने एखाद्या संघटनेचा निधी ठरवण्याच्या पद्धतीवरही न्यायालयाने शंका घेतली, कारण बहुमताने ठरवायचे तर अल्पसंख्य मताला संरक्षण राहत नाही. तो निकाल आपल्याला लागू नाही, हे मी दर वेळी सांगत असे. पण “सरळ मतदान घ्या ना, सर” म्हणणाऱ्यांना मी तेच उत्तर देतो: मतदानात ऑर्केस्ट्रा दर वर्षी जिंकेल आणि चाळीस जणांसाठी ओव्या म्हणणारी मुले दर वर्षी हरतील. पथनाट्याच्या बाबतीत आम्ही संहिता मागवणे बंद केले. सगळ्यांना नव्हे, पण बहुतेकांना ते मान्य झाले.

वाद्यांविषयी शेवटी लिहितो, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही. समारंभापेक्षा वाद्ये घ्यावीत, म्हणजे ती वर्षानुवर्षे उपयोगी पडतील, असे मलाही वाटत असे आणि आम्ही काही महाविद्यालयांना तबला, पेटी, ढोलकी, संबळ यांसाठी पैसे दिले. दोन वर्षांनी पाहायला गेलो तर एका ठिकाणी सगळी वाद्ये जडवस्तू नोंदवहीत रीतसर चढवलेली आणि कपाटात कुलूपबंद होती. ढोलकीच्या कातड्यावरची शाई, म्हणजे तो काळा लेप, तडकली होती. हरवले तर पगारातून कापतील, म्हणून शिपायाने किल्ली कोणालाच दिली नव्हती, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती. तेव्हापासून वाद्यांच्या प्रस्तावात मी एक ओळ वाढवून घेऊ लागलो: किल्ली कोणाकडे राहील, त्या तीन विद्यार्थ्यांची नावे, आणि त्यांतला एक तरी वसतिगृहात राहणारा.