आवाजावरचं नाव झाकता येत नाही

मंगळवार, रात्री उशिरा

आज गायनाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी एकमेकांची यमन रागाची रेकॉर्डिंग तपासली. दोन आठवड्यांपूर्वीच्या पहिल्या फेरीत बहुतेक कागदांवर एकच शब्द आला होता, ‘छान’. चूक माझी. मी ‘कसं वाटलं?’ एवढंच विचारलं होतं. या वेळी नेमकं विचारलं: तीव्र मध्यम, म्हणजे चढा ‘म’, कुठे उतरला, तान (सुरांची जलद लड) संपवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना काय झालं? मिनिट-सेकंदासकट लिहायचं.

एकीने लिहिलं, ‘३ मिनिटं १० सेकंद. तान १६व्या मात्रेवरच संपली, सम येईपर्यंत सूर ताणून धरला.’ अगदी बरोबर पकडलं. हीच खोड तिचीही आहे, वर्षभर सांगतेय मी तिला. तास संपल्यावर ती हेडफोन लावून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकत बसली. थोड्या वेळाने बोटांवर मात्रा मोजायला लागली. माझ्या वर्षभराच्या सांगण्याने जे झालं नाही ते दुसऱ्याची चूक शोधताना झालं.

निबंधावरचं नाव झाकता येतं, आवाजावरचं नाही. पहिला षड्ज, म्हणजे ‘सा’, लागला की वर्गाला कळतं कोण गातंय. म्हणून मी अभिप्राय टाइप करून घेते, लिहिणाऱ्याचं नाव तेवढं गाळते. तरीही आज एकाच्या कागदावर आलं, ‘आवाज पातळ आहे, रागाला शोभत नाही.’ तो वाचून जो गप्प झाला तो शेवटपर्यंत गायलाच नाही. कागद वाटण्याआधी मी वाचायला हवे होते. लय सुधारता येते, उतरलेला सूर जागेवर आणता येतो. पण गळा ज्याचा त्याचा, तो घडायला वर्षं जातात. जे गायलं त्यावर लिहायचं, गळ्यावर नाही, हे उद्या सर्वांना सांगेन. त्याच्याशी मात्र वेगळं बोलायचंय.

मार्क मुलांच्या हाती द्यायचे नाहीत, यावर मी ठाम आहे. मार्क आले की मैत्री आणि रुसवे कागदावर उतरतात.

पुढच्या फेरीआधी सगळ्यांना एकच रेकॉर्डिंग ऐकवणार, मीही सोबत लिहीन, मग ताडून पाहू. तंबोरा जुळवल्याशिवाय गात नाही आपण, तसे कानही आधी जुळवायला हवेत.

निघताना मात्रा मोजत बसलेल्या त्या मुलीने विचारलं, “मॅडम, परत रेकॉर्ड करून दिलं तर चालेल?” सोमवारपर्यंत दे म्हटलं.