मायक्रोवेव्हमधला बांगडा आणि ते लिंबाचं पाणी: माझा अनुभव

“वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळा, पाच मिनिटं लावा, वास गायब.” हा सल्ला ज्याला त्याला तोंडपाठ असतो. कस्टमर केअरच्या माणसालाही होता; माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत त्याने तो म्हणून टाकला. बांगड्याचं तिखलं गरम केलेल्या कन्व्हेक्शन (म्हणजे गरम हवेने भाजणाऱ्याही) मायक्रोवेव्हमध्ये हे पाणी लावलं की दार उघडल्यावर लिंबाचा वास येतो, यात खोटं काही नाही. पण नंतर दूध तापवलं की चहात पुन्हा बांगडा हजर. अडतं कुठे, हे त्या सल्ल्यात कुठेच नसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी वास कशाचा ते ओळखा, कारण औषध त्यावर ठरतं. माशाचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा. हे द्रव्य आम्लारीधर्मी असतं. त्याला आम्ल भेटलं की न उडणारा क्षार तयार होतो आणि नाकापर्यंत काही येत नाही. लिंबू आणि व्हिनेगर मासळीवर चालतात ते यामुळे. उतू जाऊन आंबलेलं दूध, खवट लोणी-तूप यांचा वास मात्र मुळात आम्लांचाच. तिथे लिंबू पिळून उपयोग नाही, खाण्याचा सोडा हवा. लसणाच्या फोडणीचा वास तेलात मुरलेला असतो. तेलाचा थर निघाला की तो निघतो. करपलेल्या पॉपकॉर्नचं प्रकरण वेगळंच. तो धुराचा चिकट थर असतो, त्याला ना लिंबाची पर्वा ना सोड्याची. भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि भरपूर हवा, एवढंच त्यावर लागू पडतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फासू नका. फेस बघायला छान दिसतो, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि हातात जवळजवळ खारट पाणीच उरतं.

वाफेची पायरी टाळू नका, फक्त ती नीट करा. काचेच्या रुंद भांड्यात ३०० मिली पाणी, त्यात २ मोठे चमचे पांढरं व्हिनेगर किंवा एका अख्ख्या लिंबाचा रस आणि सालं. भांड्यात आइस्क्रीमची लाकडी काडी उभी ठेवा. गुळगुळीत काचेत पाणी उकळीच्या वर तापूनही शांत राहतं आणि हात लावताच उसळून अंगावर येतं, ते काडीमुळे टळतं. पूर्ण पॉवरवर ५ मिनिटं, मग दार न उघडता आणखी १० मिनिटं. दार उघडलं की लगेच पुसायला घ्यायचं: आधी छत, मग भिंती, शेवटी तळ. बहुतेकांचं इथेच बिनसतं. वाफ लावतात, दार उघडून कामाला निघून जातात. मऊ झालेलं तेल थंड होऊन पुन्हा तिथेच धरतं, वास तसाच. छताला हात लावून बघा. चिकट लागलं तर अजून झालेलं नाही. ३ चमचे सोडा आणि १ चमचा पाणी यांची पेस्ट तिथे २० मिनिटं ठेवून ओल्या फडक्याने दोनदा पुसा. पेस्ट भिंतीतल्या बारीक भोकांत जाऊ देऊ नका. तारेची घासणी तर लांबच ठेवा. रंग खरवडला की पत्रा गंजतो आणि पुढे ठिणग्या उडतात.

काचेची ताटली आणि खालची चाकांची रिंग धुण्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता जिथे खरं घोडं अडतं ते. आतल्या भिंतीवर, बहुतेक मॉडेलमध्ये उजव्या बाजूला, करड्या किंवा तपकिरी रंगाचा पातळ पुठ्ठा वाटावा असा एक तुकडा बसवलेला असतो. त्यावर चमक असते. अनेकांना वाटतं तो पॅकिंगचा राहिलेला भाग आहे. तो अभ्रकाचा असतो. दुकानात त्याला मायका म्हणतात, पुस्तिकेत वेव्हगाइड कव्हर. मॅग्नेट्रॉनमधून, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागातून, येणाऱ्या लहरी त्यातून आरपार जातात, पण वाफ आणि तेल आत जाऊ नये म्हणून तो मध्ये असतो. म्हणजे वाफ आणि तेल अडवणं हेच त्याचं काम, आणि ते तो अंगावर घेतो. अभ्रकाच्या बारीक कपच्या चिकटवून, दाबून हा पत्रा तयार करतात. वरचा पृष्ठभाग पुसता येतो, पण कापलेल्या कडा उघड्या असतात. तिथून तेलकट वाफ थरांच्या मध्ये शिरते आणि मुरते. मागच्या बाजूला तर फडकं कधी पोचतच नाही.

त्यामुळे होतं असं, की मायक्रोवेव्ह थंड असताना आत डोकं घालून हुंगलं तरी काही कळत नाही. स्वच्छ! दूध ठेवलं, वाफ झाली, तो तुकडा गरम आणि ओला झाला, की मुरलेला बांगडा बाहेर. लिंबाच्या पाण्याने तेवढ्यापुरता तो झाकला जातो, कारण वाफ मागच्या बाजूचं तेल काढू शकत नाही. हे एकदा कळलं की त्या पाच मिनिटांच्या सल्ल्याचा राग येतो.

दोष कुठे आहे ते ठरवायची परीक्षा सोपी आहे. ताटली आणि रिंग धुऊन कोरडी करा. कपभर साधं पाणी साध्या मायक्रोवेव्ह मोडवर ३ मिनिटं उकळा आणि दार उघडताच वाफ हुंगा. वास आला तर संशय मायकावर. नाही आला, पण कन्व्हेक्शनवर काही भाजताना येतो, तर तो मागच्या जाळीआडच्या पंख्याजवळचा. भांड्याचं झाकण प्लास्टिकचं असेल तर परीक्षेआधी तेही हुंगा. मासळी ठेवलेलं प्लास्टिक वास सोडत नाही आणि बिचाऱ्या मायक्रोवेव्हला दोष जातो.

मायका काढण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. तुकडा एखाद्या स्क्रूवर किंवा प्लास्टिकच्या खटक्यावर असतो. खटका असेल तर तुकडा जरा सरकवून बाहेर घ्यायचा, वाकवायचा नाही. मायका कडक असतो, तडकतो. हातात आल्यावर मागची बाजू बघा आणि नाकाशी धरा. उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

नुसता तेलकट असेल तर वाचतो. कोमट पाण्यात लिक्विडचा एक थेंब, फडकं घट्ट पिळून दोन्ही बाजूंनी हलकेच पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. पाण्यात बुडवू नका, थर सुटतात. पंख्याखाली उभा करून रात्रभर सुकू द्या. ओला मायका परत लावला तर तोच तापतो. कडा तपकिरी होऊन फुगल्या असतील किंवा कुठे काळा डाग, भोक दिसत असेल, तर पुसत बसू नका, बदला. काळा डाग म्हणजे कार्बन. तो वीज वाहतो, तिथेच ठिणगी पडते आणि भोक वाढत जातं.

मायका गेल्यावर उघडलेल्या खिडकीत फडकं खुपसू नका. फक्त कडा पुसा. मायका नसताना मायक्रोवेव्ह चालवायचा नाही, अगदी “एक मिनिट बघू” म्हणूनसुद्धा नाही. त्याच्या जागी फॉइल किंवा घरातलं कुठलं प्लास्टिकही नको. बाहेरच्या डब्याचे स्क्रू तर अजिबात उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) २,००० व्होल्टच्या घरातला किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहू शकतो. मायका मात्र आतून, दारातूनच निघतो. म्हणून हे काम घरी होतं.

वॉरंटी चालू असेल तर कंपनीकडूनच करून घ्या, पण तक्रार कशी सांगता याला महत्त्व आहे. “वास येतो” म्हटलं की तो बिघाडात धरत नाहीत, असं मला ऐकवलं गेलं. वर पुन्हा लिंबू! “मायका खराब झालाय, बदलायचाय” असं नेमकं सांगितल्यावर मात्र नोंद झाली. मग वाट बघणं, मग “पार्ट मागवलाय”. हातभर नाही, वीतभर नाही, एवढ्याशा तुकड्यासाठी.

वॉरंटी संपली असेल तर मायकाचा मोठा पत्रा स्पेअर पार्टच्या दुकानात सुटा मिळतो आणि महाग नसतो. जुना तुकडा कागदावर ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढा, स्क्रूची भोकं आणि खाचाही. कागद कापून आधी आत बसवून बघा, मगच मायका कात्रीने कापा. भोकासाठी कागदाचा पंच चालतो. कडा घासायच्या असतील तर तोंडाला मास्क लावा, धूळ फुप्फुसांना चांगली नाही. मिलिमीटरभर लहान चालेल, मोठा होऊन फुगीर बसला तर नाही. लावल्यावर तीच पाण्याची परीक्षा. वाफेला वास नाही म्हणजे काय सुख असतं ते या भानगडीतून गेलेल्यालाच कळेल.

पंख्याजवळचा वास असेल तर वाफेची आणि पुसण्याची पायरी झाल्यावर, नुसत्या कन्व्हेक्शन मोडवर २०० अंशांना १५-२० मिनिटं रिकामा चालवा. खिडकी उघडी, चिमणी सुरू. क्रम उलटा केलात तर तेल पत्र्यावर भाजून पक्कं होतं. रिकामा चालवणं फक्त कन्व्हेक्शनला चालतं. मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशन (दोन्ही एकत्र) मोडवर कधीच नाही, लहरी शोषायला आत काही नसलं की भार मॅग्नेट्रॉनवर येतो.

हे वर सांगायला हवं होतं: मायक्रोवेव्ह गॅसच्या शेजारी असेल तर निम्मा वास आत शिजवलेल्याचा नसतोच. मॅग्नेट्रॉन थंड ठेवणारा पंखा स्वयंपाकघरातली हवा आत ओढतो. शेजारी बोंबील तळले तर तो धूरही ओढतो. दोन-तीन फूट लांब सरकवा.

पावसाळ्यात वापरानंतर आतून कोरडा पुसून दार थोडं किलकिलं ठेवा. दार उघडं असताना आतला दिवा जळत राहत असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा. रात्री वाटीभर कोरडी कॉफी पावडर ठेवली तर उरलासुरला वास कमी होतो, पण सकाळी ती बाहेर काढायची आठवण राहू द्या. रूम फ्रेशनर आत मारू नका. तो जळाऊ असतो, आणि चंदन-बांगडा हा वास बांगड्यापेक्षा वाईट.

श्रावणाआधी हे सगळं करायचं असेल तर गटारीच्या दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. मायका सुकायलाच एक रात्र जाते, बदलायचा ठरला तर दुकान उघडं हवं.

आणि घरात मासळी शिजतच नसेल, तरी मायक्रोवेव्ह चालू असताना माशासारखा वास येत असेल, तर नाक भिंतीकडे न्या. तापलेल्या प्लग-सॉकेटचं प्लास्टिक असाच वास सोडतं. कन्व्हेक्शन मॉडेलला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. प्लगची पिन काळी पडली असेल किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, तर वापर थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.