खड्डा बुजवला, तीच चूक झाली: कोरड्या धरणाच्या देखभालीचा माझा अनुभव

आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला मातीचं एक छोटं धरण आहे. उंची जेमतेम ९ मीटर. त्यात पाणी साठवायचं नसतंच. नाल्याला पूर आला की तो अडवायचा, तळच्या नळातून दोन-तीन दिवसांत सावकाश सोडून द्यायचा, की धरण पुन्हा रिकामं. वर्षातला बहुतेक काळ ते कोरडं पडलेलं असतं, त्यामुळे ते धरण आहे हेच लोक विसरतात. मीही विसरलो होतो, देखभाल समितीत माझं नाव घातलं जाईपर्यंत. (नाव घातलं त्या बैठकीला मी हजर नव्हतो. अशी नावं गैरहजर माणसांचीच पडतात.)

पहिल्या फेरीत मी माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि घरी आलो. शेजारचे काका म्हणाले, “अरे, वरून काय बघतोस? धरणाचं दुखणं पायथ्याला दिसतं.” पण पायथा दिसायला झुडपं तर निघायला हवीत! ती काढून गवत कापून घेतलं आणि पुढचे चार दिवस मला झोप लागली नाही. खालच्या उतारावर घुशींची ७ बिळं. सांडव्याच्या तोंडाशी कुणीतरी ठोकलेलं तारेचं कुंपण. आणि माथ्याच्या जरा खाली, बरोबर नळाच्या रेषेत, घमेल्याएवढा एक खड्डा.

कुंपणावरूनच सगळ्यात जास्त भांडण झालं. “इतक्या वर्षांत सांडव्यावरून एकदा तरी पाणी गेलंय का?” हा कुंपण घालणाऱ्यांचा सवाल. गेलेलं नाही, कबूल. पण सांडवा असतो तो नळाला न झेपणाऱ्या पुरासाठी. त्या दिवशी तारेत ओंडके आणि पालापाचोळा अडकला, तर पाणी माथ्यावरून जाणार, आणि माथ्यावरून वाहणारं पाणी मातीच्या भरावाला सोसत नाही. शेवटी काकांनी मध्यस्थी केली नि कुंपण निघालं.

खड्ड्याचं मात्र मी स्वतःच्या अकलेने केलं. दोन घमेली माती टाकली, पायाने दाबली, हात झटकले. पुढच्या मोठ्या पावसात धरण अर्धं भरलं आणि खड्डा पुन्हा तिथेच, आधीपेक्षा खोल. तेव्हा कुठे धरणाचं काम जाणणाऱ्या इंजिनिअर मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “बुजवण्याआधी फोटो काढला होता? खोली मोजली होती?” काहीच केलं नव्हतं. “म्हणजे खड्डा नाही, पुरावा बुजवलात तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा पाणी अजून होतं. नळाच्या तोंडाशेजारी, पायथ्याला, बारीक पाझर वाहत होता. त्यांनी माझ्याकडून एक बादली आणि काचेचा ग्लास मागवला. पाझर एका पन्हाळीत घेऊन १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं: ५० सेकंद. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय! मग त्यांनी ग्लास भरून दगडावर ठेवला. आम्ही बोलत बसलो. थोड्या वेळाने पाहिलं, तर ग्लासाच्या तळाशी दुधाच्या सायीएवढा पातळ मातीचा थर बसला होता.

“मातीचं धरण थोडंफार पाझरतंच,” मॅडम म्हणाल्या. “पाणी स्वच्छ असेल तर मोजत राहायचं. गढूळ झालं, म्हणजे ते आतून धरण घेऊन निघालंय.” अमेरिकेतलं टीटन धरण त्यांनीच सांगितलं. ९० मीटरहून उंच, जून १९७६ मध्ये पहिल्यांदाच भरत होतं. सकाळी गढूळ पाणी दिसलं आणि दुपारचे १२ वाजायच्या आत धरण फुटलं. “आणि तुमचं तर दर पुराला नव्याने भरतं. मधल्या काळात माती वाळते, तडकते.”

पाणी उतरल्यावर नळात कॅमेरा सोडला. आत एक सांधा उघडा पडला होता. भोवतालची माती त्यातून नळात झडत होती आणि वरचा भराव खचत होता. माझा खड्डा तो हाच.

दुरुस्ती कोरड्या दिवसांत झाली. जुन्या नळात प्लास्टिकचा नवा नळ सरकवून मधल्या फटीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबून भरलं. खालच्या टोकाशी नळाभोवती खणून वाळूची गाळणी घातली: पाणी निघून जावं, मातीचे कण अडावेत. वाळूची पहिली खेप आली तेव्हा मॅडमनी ओली वाळू मुठीत दाबली, सोडली आणि तळहात मला दाखवला. मातकट झाला होता. खेप परत! मातकट वाळूला स्वतःलाच चीर पडते आणि ती तशीच उघडी राहते, मग ती कण कसले अडवणार?

बिळांसाठी तोंडाशी उभा पाइप लावून ९ भाग माती, १ भाग सिमेंट असा पातळ राडा आत ओतला, वरून माती ठोकून बसवली. उतारावरची दोन मोठी झाडं मी नुसती तोडून मोकळा होणार होतो. तेही चुकलंच असतं. मुळं आत कुजली की भरावात आयते बोगदे तयार होतात. म्हणून मुळांसकट काढली आणि खड्डे थराथराने माती ठोकून भरले.

त्यानंतर दोन पूर येऊन गेले. नळाशेजारचा पाझर आता गाळणीतून येतो. बादली भरायला ८० सेकंद लागतात आणि ग्लास तासभर ठेवला तरी तळ स्वच्छ राहतो. रात्री कुणी कुणाला उठवायचं, खालच्या घरांना कोण सांगणार, याची फोनयादी काकांच्या दारामागे चिकटवली आहे. डाव्या बाजूला पायथ्याशी एक ओलसर पट्टा मात्र अजून आहे. त्याच्या कडेने खुंट्या ठोकून ठेवल्यात. परवाच्या फेरीत ओल खुंट्यांच्या आतच होती. वहीत तेवढंच लिहिलं, आणि यावेळी फोटोही काढला.