आमची वाटचाल: विहिरीवरच्या इंजिनापासून टर्बोपर्यंत

आमच्या घरात इंजिन आलं ते विहिरीवरचं. वडील जालन्याच्या आसपासच्या गावांत सायकलवर फिरून ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू होणारं इंजिन. धुराचा रंग बघून वडील सांगायचे, नोझल गेलंय की रिंगा गेल्यात. पुढं विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आणि ते काम आटत गेलं. मग वडिलांनी अंबड रोडला पत्र्याचं शेड टाकलं आणि काळ्या-पिवळ्या जीप बांधायला घेतल्या. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक झालो आणि त्याच शेडमध्ये उभा राहिलो. आज वडील नाहीत. शेड तेच आहे, फक्त वाढलंय, आणि माझा मुलगा त्यात लॅपटॉप घेऊन बसतो.

काळ्या-पिवळ्यांनी आमचं घर चालवलं. हेड उतरवा, लाइनर-पिस्टन टाका, क्रँक ग्राइंडिंगला पाठवा, पंप कॅलिब्रेट करून आणा आणि बाजाराच्या दिवसाच्या आत गाडी परत द्या. त्या कामाबद्दल एवढंच सांगतो की हात तिथं बसला.

इंजिन बदलायचं काम अंगावर घेतलं ते 2007 च्या सुमाराला. एका जीपवाल्याला जास्त ताकदीचं टर्बो इंजिन हवं होतं. आम्ही सेकंडहँड इंजिन आणलं, इंजिन ज्यावर बसतं ती फाउंडेशन वेल्ड केली, इंजिन उतरवलं आणि सुरू केलं. आवाज ऐकून सगळे खूश. रेडिएटर मात्र जुनाच ठेवला, कारण तो गळत नव्हता. पंधरा दिवसांत कन्नडच्या पुढं औट्रम घाटात गाडी तापली आणि हेड गॅस्केट उडालं. सुदैवानं गाडी रिकामी होती. रात्री दुसरी गाडी घेऊन गेलो, ओढून आणली. दुसऱ्या दिवशी तो रेडिएटर कापून पाहिला. नळ्यांत बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर इतका होता की काही नळ्यांतून सुईसुद्धा जाईना. जुन्या इंजिनाची उष्णता तेवढ्यात भागत होती, नव्याची भागणं शक्य नव्हतं. जीपवाल्याचे पैसे परत केले. त्या दिवसापासून आमच्या एस्टिमेटमध्ये इंजिनाच्या आधी रेडिएटर लिहिला जातो.

आता ज्या कामानं आमची ओळख झाली त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तसाच प्रश्न घेऊन अजूनही लोक येतात: दोन टर्बो इंजिनं समोर आहेत, कुठलं टाकू?

घनसावंगीकडचे एक मामा आले. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरची जमीन, ऊस आणि मोसंबी. सोबत महिंद्रा एमएम 540 जीप, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. आत 2112 सीसीचं एक्सडीपी इंजिन, मुळात प्यूजोच्या डिझाइनचं. पार थकलेलं. "मिस्त्री, जीप मोडायची नाही, वडलांची आहे. रस्त्यावर न्यायला दुसरी गाडी आहे माझ्याकडं. ही शेतातच राहील, पण पावसाळ्यात औषधाचा टँकर चिखलातून ओढला पाहिजे हिनं."

काळ्या मातीचा चिखल ज्यानं पाहिला नाही त्याला ही मागणी साधी वाटेल. आमच्या मातीत पाऊस पडला की टायरचे खाचे पहिल्या दोन फेऱ्यांतच बुजतात आणि चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरतं. तिथं इंजिन जोरात फिरवलं की गाडी खाली बसत जाते. तिथं हवी असते कमी फेऱ्यांवरची ओढ.

त्या वेळी शेडमध्ये दोन इंजिनं होती. एक कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी जास्त दाबाची डिझेल यंत्रणा) येण्याआधीच्या बोलेरोचं 2523 सीसीचं टर्बो डीआय, यांत्रिक पंपाचं. दुसरं टोटल लॉस झालेल्या स्कॉर्पिओचं 2179 सीसीचं एमहॉक, वायरिंग आणि ईसीएमसकट, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरसकट. मुलाचं मन एमहॉकवर होतं. "पप्पा, बोलेरो 63 हॉर्सपॉवर आणि 180 न्यूटन मीटर. एमहॉक 120 आणि 290. यात विचार करायचा काय?" मामांनी ते ऐकलं आणि त्यांचंही मन तिकडंच गेलं. त्यांनी तर अजून एक मुद्दा काढला: जुन्या इंजिनाचीही ताकद साठेक हॉर्सपॉवर होती, मग बोलेरोचं टाकून मिळालं काय?

प्रश्न बरोबर होता. हॉर्सपॉवर म्हणजे ओढ गुणिले फेऱ्या. जुनं एक्सडीपी साठच्या घरात जायचं, पण चार हजारांच्या वर फिरवल्यावर. त्याची ओढ सव्वाशे न्यूटन मीटरच्या आसपास. बोलेरोचं इंजिन तेवढ्याच हॉर्सपॉवरचं, पण ओढ जवळजवळ दीडपट, आणि तीही खालच्या फेऱ्यांवर, जिथं चिखलात चाक फिरतं. सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर टर्बोचं चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं, हवा जास्त म्हणून डिझेल जास्त जळतं. म्हणून आम्ही आता गिऱ्हाइकाला हॉर्सपॉवरचा आकडा शेवटी सांगतो.

तरी एमहॉक दोन्ही आकड्यांत पुढंच होतं, हे मी नाकारत नाही. इंजिन म्हणून मला ते आजही फार आवडतं. मुलाला म्हटलं, आपण भांडत बसू नये, मोजून पाहू.

पहिलं माप सम्पचं, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालच्या ऑइलच्या भांड्याचं. जीपचा पुढचा ॲक्सल सलग नळीचा, पाट्यांवर बसलेला. खड्ड्यात चाक वर आलं की अख्खा ॲक्सल वर येतो, डिफरन्शिअलचा गोळा इंजिनाच्या पोटाशी येतो. स्कॉर्पिओची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, त्यामुळं तिच्या सम्पचा आकारच वेगळा. घरून मळलेल्या कणकेचा मोठा गोळा मागवला. इंजिन चेन कप्पीला लटकवून जागेवर धरलं, ॲक्सलवर कणीक थापली आणि जॅकनं ॲक्सल स्टॉपरपर्यंत वर घेतला. खाली घेऊन कणीक पाहिली तर एमहॉकच्या सम्पच्या कडेखाली ती दाबून पापडाएवढी पातळ झालेली. बोलेरोच्या सम्पखाली दोन बोटं जाड उरली. एमहॉक बसवायचं तर सम्प कापून पुन्हा बनवायचा, ऑइल पिकअप हलवायचा, नाहीतर इंजिन उचलून बॉनेट फाडायचं.

दुसरं, गिअरबॉक्स. जीपला चार गिअरचा केएमटी 90. सव्वाशे न्यूटन मीटरसोबत आयुष्य काढलेल्या त्या बॉक्सवर 290 टाकायचे म्हणजे दात तुटायची वाट पाहायची. म्हणजे बॉक्सही बदला, मग पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस, मग दोन्ही प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि कोन. 180 लाही आम्ही बॉक्स उघडून बेअरिंग आणि सिंक्रो रिंगा बदलल्याच, आणि मामांना बजावलं की अडकल्यावर क्लच झटक्यात सोडायचा नाही.

तिसरी गोष्ट मोजपट्टीनं मोजता येणारी नव्हती. मी मामांच्या शेतावर गेलो. डिझेल कुठं ठेवता म्हणून विचारलं. गोठ्याच्या कडेला बॅरल उभा होता, झाकण नीट बसत नव्हतं. तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत भरून शेडमध्ये आणलं आणि रात्रभर खिडकीत ठेवलं. सकाळी बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी वेगळं झालेलं, वर पिवळं डिझेल, आणि मधल्या रेषेवर तपकिरी साय. मुलानं ती बाटली उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब दीड हजार बारच्या वर जातो; कारच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास असतो, यावरून कल्पना यावी. त्या दाबाला बसवलेल्या इंजेक्टरमध्ये असं पाणी गेलं की इंजेक्टर आणि पंप दोन्ही जातात, आणि जुना पंप जसा आमच्याकडं खोलून बसवता येतो तसे ते बसवता येत नाहीत. बोलेरोच्या यांत्रिक पंपालाही पाणी चालत नाहीच. पण तो खराब झाला तर अंबडला, घनसावंगीला, कुठंही पंपवाला सापडतो, आणि सेन्सरची एक तार उंदरानं कुरतडली म्हणून गाडी उसात उभी राहत नाही.

मुलगा स्वतःच म्हणाला, "बोलेरोचंच टाकू." मला त्याचा अभिमान वाटला. एमहॉकचं सगळं वायरिंग त्यानं आठवडाभर बसून नकाशावर उतरवलं होतं, तरी बाटली पाहिल्यावर त्यानं हट्ट सोडला.

बाकीचं काम मग सरळ झालं. रेडिएटर नवा, तांब्याचा, चार रांगांचा, आणि कूलंट तयार डब्यातलं, बोअरचं पाणी नाही. जुना ऑइल बाथ एअर क्लीनर काढून मोठा कागदी फिल्टर आणि त्याच्या तोंडाला धूळ आधीच गाळणारा कप, कारण टर्बोचं चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्या मारतं आणि त्या वेगात वाळूचा कणही पात्यावर गोळीसारखा बसतो. ब्रेकसाठी इंजिनाच्या व्हॅक्यूम पंपावर बूस्टर जोडला. डिझेलला पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकला आणि मामांना नवं झाकणाचं बॅरल घ्यायला लावलं. डॅशबोर्डवर मुलानं मराठीत पाटी लावली: "बंद करण्याआधी एक मिनिट नुसतं चालू ठेवा." टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ओझं ओढून आलेली गाडी लगेच बंद केली की ऑइल थांबतं, पण तापलेला टर्बो थांबलेल्या ऑइलला जाळतो आणि त्याची काजळी बेअरिंगमध्ये बसते. हे न सांगितल्यामुळं गेलेले टर्बो मी खूप पाहिलेत.

कागदपत्रांबद्दल स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आम्ही शेडमध्ये छापून लावलाय. उत्पादकानं दिलेली आणि आरसीवर नोंदलेली माहिती बदलेल असा फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही याकडं पाहिलं नाही, ती आमची चूक होती. आता रस्त्यावरच्या गाडीला फक्त त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकतो, तेही आरटीओची मंजुरी हातात आल्यावर आणि इंजिनाची पावती व नंबर तपासून. वेगळं इंजिन हवं असेल तर गाडी शेतात किंवा बंदिस्त ट्रॅकवरच राहणार, ये-जा ट्रेलरवर, असं लेखी घेतो. यामुळं निम्मी गिऱ्हाइकं परत जातात. जाऊ देतो. अपघात झाला आणि विमा नाकारला गेला तर ते कुटुंब कुणाकडं बघणार?

मामांची जीप चार पावसाळे काम करतेय. पहिल्या जुलैत त्यांनी फोन लावून तो नुसता इंजिनाजवळ धरला होता. मागं टँकर होता आणि आवाज न वाढता गाडी चढतेय हे मला इथं कळत होतं.

आणि ते एमहॉक दोन वर्षं ताडपत्रीखाली राहिलं. मग छत्रपती संभाजीनगरहून एक तरुण आला. त्याची लांब चेसिसची जुनी गाडी, फक्त ऑफ-रोड स्पर्धेसाठी, ट्रेलरवर नेतो. डिझेल पंपावरून सीलबंद कॅनमध्ये. स्वतःचा स्कॅनर. पुढचा ॲक्सल त्यानं आधीच जड टाकलेला, खाली जागा भरपूर. बोलेरोचं इंजिन स्वस्तात पडेल म्हणून तो विचारत होता. मी त्याला एमहॉक दाखवलं. स्पर्धेत चढावर वेग लागतो, तिथं 63 हॉर्सपॉवर लगेच संपते. मुलानं ते वायरिंगचे नकाशे कपाटातून काढले. टर्बोमधली हलती पाती काजळीनं अडकली होती, ती सोडवायला दोन दिवस गेले. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला नाकात जागा होईना, म्हणून तो तिरका बसवला.

सध्या ती गाडी शेडमध्ये मधल्या खड्ड्यावर उभी आहे. ईसीएम सीटखाली, पाण्यापासून उंच, रबरी पेटीत बसवलाय. इंजिन मागच्या मंगळवारी पहिल्यांदा सुरू झालं. मागचा प्रॉपेलर शाफ्ट बॅलन्सिंगला गेलाय, तो आला की ट्रायल.