सतरा दिवसांचा हिशेब

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार. नायजेरियात, लेगॉस शहरातल्या इकेजाच्या औद्योगिक भागात प्लास्टिकच्या बादल्या, टोपल्या, खुर्च्या करणाऱ्या कारखान्यात मी मोल्डिंग विभाग बघतो. तेव्हा सकाळी सहाला पाळी बदलायची. त्या दिवशी साडेसहा झाले तरी निम्म्या मशीनवर दिवसपाळीचा माणूस नव्हता. रात्रपाळीवाले पिशव्या उचलून उभे. त्यांना आणखी थांबवणं मला पटेना, कारण रात्रभर तापलेल्या मशीनपुढे उभं राहिलेल्या माणसाचा हात कधी चुकेल सांगता येत नाही. मशीन नुसतीच थांबवली तर आतलं मटेरियल जळतं, म्हणून प्लास्टिक वितळवणारं एकेक बॅरल रिकामं करून मशीन बंद करायला सांगितल्या.

कारण सगळ्यांना माहीत होतं. ऑगस्टच्या अखेरीपासून पंपांवर रांगा होत्या. रविवारी सरकारी तेल कंपनीने पुरवठादारांची देणी थकल्याची कबुली दिली आणि मंगळवारी तिच्या लेगॉसमधल्या पंपांवर पेट्रोलचा लिटरचा भाव ५६८ नायरांवरून (नायरा म्हणजे इथलं चलन) ८५५ वर गेला. मे २०२३ मध्ये अध्यक्ष टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलवरचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं. त्याआधी हेच पेट्रोल दोनशेच्या आत मिळत होतं. जमिनीतून कच्चं तेल निघतं, पण सरकारी रिफायनऱ्या वर्षानुवर्षं ठप्प, त्यामुळे पेट्रोल यायचं बाहेरून आणि डॉलर मोजून. जून २०२३ मध्ये नायराचा विनिमय दर बाजारावर मोकळा सोडला तसा तो घसरत गेला आणि त्याचा भार पंपावर आला. लेक्कीच्या दांगोटे रिफायनरीत पेट्रोल बनू लागल्याची बातमीही त्याच आठवड्यातली. ज्याला सहाची पाळी गाठायची होती, त्याला त्या बातमीचा काय उपयोग?

साडेआठच्या सुमारास आमचे सर्वांत जुने ऑपरेटर आले. पन्नाशी ओलांडलेले, योरुबा समाजाचे, सगळे त्यांना बाबा म्हणतात, मीही. राहायला सांगो-ओताला. पहाटे चारला निघाले होते. डान्फोवाल्याने, म्हणजे मिनीबसवाल्याने, मधल्या टप्प्याचेच जास्त पैसे मागितले म्हणून ते आगेगेला उतरले आणि तिथून चालत आले. रस्त्याला लागून नव्या रेड लाइन रेल्वेची स्टेशनं तयार उभी होती. फेब्रुवारीत उद्घाटनही झालं होतं, पण प्रवाशांसाठी गाडी सुरू झाली ऑक्टोबरात. चौकाचौकातल्या तीनचाकी केकेही त्यांनी टाळल्या. त्यातल्या बऱ्याचशा बजाजच्या असतात. माझे मामा वाळूजच्या बजाजमध्ये होते, त्यामुळे त्या रिक्षा दिसल्या की मला एरवी बरं वाटतं. त्या दिवशी त्या रिकाम्या उभ्या होत्या आणि माणसं त्यांच्या बाजूने चालत होती.

"ओगा, उशीर झाला," बाबा म्हणाले (ओगा म्हणजे साहेब), एप्रन चढवला आणि मशीनवर गेले. त्यांना आधी बसवायला हवं होतं, पाणी द्यायला हवं होतं. ते त्यांच्या हेल्परने केलं.

या माणसांनी काय काय सोसून घर चालवलं, ते कपडे बदलायच्या खोलीत गेलं की दिसायचं. तिथल्या बोर्डाला फोन, बॅटऱ्या, चार्जिंगचे दिवे लटकलेले असायचे, स्वतःचे आणि घरच्यांचेही. घरी वीज आली तर आली, आणि छोट्या जनरेटरला पेट्रोल घालणं बहुतेकांनी कधीच सोडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत पूर्वी भात, बीन्स, क्वचित मासा असे. आता गारी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, थंड पाण्यात भिजवायचा, साखर असली तर साखर, शेंगदाणे असले तर मूठभर. तांदळाचं पोतं तिघीचौघी मिळून घ्यायच्या आणि कपाने मोजून वाटायच्या. पॅकिंगमधल्या मुलींचा अजो आहे, आपल्याकडच्या भिशीसारखा. पूर्वी त्या पैशांतून शिलाई मशीन, फ्रीज असं काही यायचं. त्या वर्षी जिचा नंबर लागे ती शाळेची फी भरायची.

दुपारी बाबा आणि अजोचा हिशेब ठेवणारी पॅकिंगमधली मुलगी माझ्या केबिनमध्ये आली. तिच्या हातात वहीचं पान होतं. मला वाटलं, उचल मागायला आलेत. पानावर आमच्या विभागाचं पुरं वेळापत्रक मांडलेलं होतं.

हिशेब असा. सांगोहून जाऊन-येऊन १,६०० नायरा लागत, त्या दिवसापासून २,४००. महिन्याचे कामाचे दिवस २६. म्हणजे ४१,६०० चे ६२,४०० होणार. जुलैअखेर देशाचं किमान वेतन ३०,००० वरून ७०,००० झालं होतं. पेट्रोल वाढणार नाही या समजुतीवर आपण तो आकडा मान्य केला, आता आपली फसवणूक झाली, असं कामगार महासंघ त्याच दिवशी म्हणत होता. बाबांचा पगार किमान वेतनाहून थोडा जास्त, मुलीचा जेमतेम तेवढा.

त्यांचं म्हणणं होतं, आठ तासांचे सहा दिवस नकोत, बारा तासांचे चार दिवस द्या. आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच. कारखाना सहा दिवस चालतो, रोज दोन पाळ्या धरल्या तर बारा पाळ्या होतात आणि आहेत त्याच तीन तुकड्यांनी प्रत्येकी चार उचलल्या की पुरतात. महिन्याचे दिवस भरतात सतरा. २,४०० गुणिले सतरा, ४०,८००. भाडं दीडपट होऊनही खर्च होता तिथेच. आणि सात ते सात पाळी ठेवली की कुणाला रात्री दहाला, डान्फो विरळ झाल्यावर, रस्त्यावर उभं राहावं लागत नाही. ही शेवटची ओळ मुलीने अधोरेखित केली होती.

मी ते पान दोनदा तपासलं. आकड्यांत खोट नव्हती. बारा तासांची भीती मात्र खरी होती आणि मी ती बोलून दाखवली. गरम साच्याजवळ दहाव्या तासाला काय होतं, ते बाबांना माझ्याहून जास्त ठाऊक. ते म्हणाले, "ओगा, मी चार तास रस्त्यावर उभा असतो. ते तास तुमच्या वहीत नाहीत, पण हातात उतरतात." मग आम्ही तिघांनी बसून त्यात भर घातली. दर तीन तासांनी मशीन सोडून विश्रांती, दोन मशीनमागे एक बदली माणूस, आणि साठीजवळच्यांना वा गरोदर बायकांना रात्रपाळी नाही.

व्यवस्थापनाशी दोन बैठका झाल्या. कामगारांची ने-आण करणाऱ्या बससाठी मी आधी आग्रह धरला, पण डिझेलचा भाव दाखवून तो बाजूला सारला गेला. त्या निर्णयाशी मी आजही सहमत नाही. वेळापत्रक मान्य झालं, आधी मोल्डिंगला, मग पॅकिंगनेही मागून घेतलं. गैरहजेरी उतरली. सुटीच्या दिवशी मुलगी बहिणीबरोबर पफ-पफ, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून विकते आणि बाबा शेजाऱ्याच्या वेल्डिंगच्या दुकानात बसतात, म्हणजे विश्रांती त्यांना मिळालीच नाही.

९ ऑक्टोबरला लेगॉसमध्ये पेट्रोल ९९८ झालं. दुसऱ्या दिवशी मुलगी नवं पान घेऊन आली. कमी करण्यासारखे दिवस आता उरले नव्हते, त्यामुळे त्यावर फक्त प्रवासभत्त्याची मागणी होती, मार्गानुसार भाड्याच्या तक्त्यासह. तक्ता मी सही करून वर पाठवला. भत्ता डिसेंबरात सुरू झाला, मागितल्याच्या निम्मा. उरलेल्या निम्म्यासाठीचा अर्ज बाबा लिहीत आहेत आणि त्याखाली माझीही सही असणार आहे.