कुणाच्यात नाही असलं नाव

महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यावर नाव घालून द्यायचं काम वडिलांकडून माझ्याकडं आलं. ते छिन्नी-हातोडीनं ठोके मारायचे, ठिपक्या-ठिपक्यांचं अक्षर उठायचं. माझ्याकडं विजेचं मशीन आहे. बारशाचं गिऱ्हाईक आलं की मी आधी वही पुढं करतो. नाव त्यांनीच लिहायचं, मागाहून वेलांटीवरून भांडण नको.

त्या वहीमुळं मला जे दिसतं ते बाळाच्या आईबापाला दिसत नाही. जो येतो तो सांगतो, "काका, कुणाच्यात नाही असलं नाव काढलंय." आणि लिहितो, रियांश. त्याच्या वरच्या ओळीत शिवांश, मागच्या पानावर देवांश, वेदांश, दिव्यांश. मुलींच्यात अन्वी, शान्वी, मान्वी, धन्वी. प्रत्येक नाव वेगळं आहे, कुणी खोटं बोलत नाही. पण शेपूट एकच. 'अंश' तर मी आता डोळे झाकून कोरीन. आपल्या कोल्हापुरात त्यात आणखी भर म्हणजे राज, वीर नाहीतर वर्धन. नाव वाटीवर मावलं तर कमीपणा वाटतो की काय कोण जाणे, सगळ्यांना ताटभर पाहिजे.

ओवीचं सांगतो. कळंब्याकडची एक लेक चांदीची वाटी गुजरीतल्या सराफाकडून घेऊन आली होती. तिकडं नाव घालायला दोन दिवस लावतो म्हणाले, म्हणून माझ्याकडं. वहीत तिनं दोनच अक्षरं लिहिली. मी विचारलं, "ओंकार लिहायचं राहिलं काय ताई?" ती हसली. "नाही ओ काका, ओवी. आमची आज्जी जात्यावर म्हणायची, ती." मला नाव फार आवडलं. ज्ञानेश्वरीत नऊ हजारांवर ओव्या, आणि बायकांनी दळता दळता रचलेल्या किती ते कोण मोजणार! तरी पोरीला हाक मारायला हे नाव तोवर माझ्या वहीत कुणी लिहिलं नव्हतं.

मग एक आली, मग आणखी एक. पुढं तर लग्नसराईसारखा हंगामच लागला. तीच ताई धाकट्याच्या वाटीसाठी परत आली तेव्हा तोंड पाडून सांगत होती की बालवाडीत आता तीन ओव्या आहेत. बाई त्यांना मोठी ओवी, बारकी ओवी आणि चष्म्याची ओवी म्हणतात. तिची ती बारकी. आपल्या दारातलं फूल कुणी तोडून न्यावं तसा तिचा चेहरा होता, पण चोर कोण ते सांगता येत नव्हतं.

चोर कुणीच नाही. मला विचाराल तर निम्मं काम पंचांगाचं आहे. जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर काढतात. रोहिणीची चार चरणाक्षरं ओ, वा, वी, वू. पहिल्या चरणावर मुलगा झाला तर ओंकार, ओम, ओजस आहेतच. मुलगी झाली की माणसं अडायची, ओजस्वीच्या पुढं गाडी सरकायची नाही. त्या रिकाम्या जागेत ओवी बरोबर बसली. जोडाक्षर नाही, आज्जीला म्हणता येतं, इंग्रजीत तीन अक्षरांत संपतं. कृत्तिकेच्या 'ई'वर ईरा अशीच बसली. उरलेलं निम्मं काम मोबाइलचं. आधी आत्या, मावशी, शेजारची काकू प्रत्येकजण आपापलं नाव सुचवायची, त्यात कायतरी वेडंवाकडंही निघायचं. आता गल्लीतली दहा घरं तेच अक्षर तिथंच टाकतात आणि दहाही घरांना तीच यादी वरून खाली दिसते. ज्याला त्याला वाटतं, आपल्यालाच सापडलं.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथं सरकारच दरवर्षी नावांची यादी काढतं, १८८० पासूनची नावं त्यात मिळतात. पाचपेक्षा कमी बाळांचं नाव असेल तर ते छापत नाहीत. त्यानं नेव्हेया या नावाची गोष्ट सांगितली. इंग्रजीत स्वर्गाला जो शब्द आहे, त्याचीच अक्षरं उलटी. १९९९ साली असल्या नावाच्या अवघ्या आठ मुली होत्या. २००० साली एका गायकानं टीव्हीवर आपल्या लेकीचं हे नाव सांगितलं आणि पुढच्याच वर्षी आकडा हजाराच्या वर गेला. भाचा म्हणाला, मामा, तुझी वही म्हणजे आपल्याकडची तीच यादी. मी म्हटलं, फरक आहे, माझ्यात एकुलतं एक नावसुद्धा लपत नाही.

वेगळं नाव पाहिजे ही हौस तशी नवी. वडिलांच्या काळातल्या ताटांवर पाच-सहा नावंच फिरून फिरून दिसतात. नातवाला आजोबाचं नाव द्यायचं, पण सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. मग पोराला हाक काय मारणार? बाळ, आप्पा, आबा. पुढं त्याचंच बाळासाहेब, आप्पासाहेब होऊन कागदावर चढलं. म्हणून आपल्याकडं कुठल्याही सोसायटीच्या संचालकांत निदान दोन बाळासाहेब सापडतात. जोतिबाला नवस बोलून झालेला असला की जोतिराम. हा जोतिराम माझ्या वहीतून पार गेला, आणि त्याच देवाचा केदार मात्र अजून टिकून आहे. शाहूंचं तर नवलच. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू झाले. आज शहरात पावलोपावली त्यांच्या नावाची पाटी आहे. यशवर्धन मी कितीतरी कोरले. वाटीवर शाहू क्वचितच.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर बाळाच्या नावापुढं आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव अशी ओळ आली. काहीजण तीच ओळ ताटाच्या काठावर घालून मागतात. आईचं नाव घालताना बरं वाटतं, पण अक्षरावर पैसे न घेण्याची वडिलांची पद्धत मला आता महाग पडते.

हल्ली नवीनच सुरू झालंय. वही चाळायला लोक बारशाच्या आधी येतात. यात नसलेलं नाव ठेवायचं म्हणून. स्टुलावर बसून पानं उलटतात आणि मध्येच एकमेकांकडं बघतात, "अगं, हे छान आहे की!" नसलेलं शोधायला आलेली माणसं वहीतलंच घेऊन जातात. मी गप्प बसतो, धंदा आहे.

परवा उत्तरेश्वर पेठेतलं एक घर आलं होतं. नक्षत्र उत्तराभाद्रपदा, अक्षरं दू, थ, झ, ञ. सूनबाईनं सांगितलं, "काका, झ नको, झेलम वर्गात कुणीतरी असतीच." थ आणि ञ वर सगळे हसले. शेवटी दूर्वा ठरलं. दोन पानं मागं एक दुर्वा आहेच, ते त्यांनी बघितलं, पण ती ऱ्हस्व. आजोबा निवृत्त मास्तर, ते म्हणाले, "दीर्घच बरोबर." मुलगा म्हणाला, "जन्मदाखल्याच्या अर्जावर ऱ्हस्व लिहिलंय." सूनबाईला काय, दीर्घ असलं की आपली वेगळी. तिघं तिथंच वाद घालत उभे. गुरुवारी बारसं आहे, वाटी माझ्याकडंच आहे, आणि वहीत त्यांनी अजून एक 'द'च तेवढा लिहिलाय.